खिळा सांगायचा राहिला

आमचं पहिलं घर पाहायला गेलो तेव्हा आम्ही घर पाहिलंच नाही, कापूस पाहिला. घाटंजीतल्या त्या घराची पुढची खोली फरशीपासून छतापर्यंत कापसानं भरलेली होती. भाव पडलेले. आज चढतील, उद्या चढतील म्हणून ज्याच्या घरी जागा होती त्यानं कापूस घरातच कोंडून ठेवला होता. घरमालक काका उंबऱ्यात उभे राहून नुसता हात करत होते.

"तिकून खिडकी हाय, बाई. मोठी हाय. कापूस गेला का दिसन."

कोनाडाही होता, तो खिडकीच्या बाजूला, म्हणजे कापसाच्या मागं. यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "काका, भिंत तर आहे ना?"

"असन तं! नाही तं कापूस कायले टेकून राह्यला?"

त्या एका उत्तरावर मला घर आवडलं. मागं स्वयंपाकघर होतं, न्हाणी होती, अंगणात लिंबाचं झाड होतं. यांना शाळेतून यायला चालत जवळ. मी मनातल्या मनात शिलाई मशीन त्या न दिसणाऱ्या खिडकीखाली ठेवूनसुद्धा टाकली.

लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, मी ब्लाऊज शिवायची. आम्ही राहत होतो ती खोली पत्र्याची, आणि दुसरी भाड्याची खोली मिळत नव्हती. खोली आहे का म्हटलं की आहे म्हणत. नोकरी विचारत, खूश होत. मग आडनाव विचारत, आणि तेवढ्यात त्यांना आठवायचं की ती खोली भाच्याला द्यायची आहे. आम्ही बौद्ध. घाटंजीत तेव्हा इतके भाचे कुठून येत होते आणि त्या सगळ्यांना खोल्या कशा पुरत होत्या, कोण जाणे. म्हणून आम्ही ठरवलं, आता भाड्याचं नकोच. लहान का असेना, स्वतःचं.

काकांनी आडनाव विचारलं नाही. "पगार टायमावर होते ना गुरुजी?" एवढंच विचारलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते याच माणसाशी केलं.

काकांनी सांगितलेला भाव मात्र आमच्या आवाक्यातला नव्हता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, कापसाला भाव नाही, म्हणून तर घर विकायला काढलेलं. परतताना हे सारखं म्हणत होते, "पाहू, दुसरं पाहू." माझी मशीन तिथंच खिडकीखाली राहिली होती.

आता ती गोष्ट सांगते. स्वयंपाकघर पाहायला मी चौकट आणि कापूस यांच्यामधून अंग चोरून आत शिरले तेव्हा मागून कोणीतरी माझा पदर ओढला. चांगला ओढला. वळून पाहिलं तर चौकटीत एक खिळा होता, आणि खिळ्यावर माझ्या साडीचा तांबडा धागा. मी पदर सोडवला आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशीवर शेजारची बाई भेटली. गावात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे त्या घरातल्या माणसांआधी तिला कळायचं.

"घर पाह्यलं म्हनते तुमी? कसं हाय?"

"चांगलं हाय जी. पन त्या समोरच्या खोलीत कोनंतरी मांगून पदर ओढला माया."

तिनं हापशी थांबवली. "कोनं?"

माझ्या ओठावर पुढचं वाक्य तयार होतं. खिळा होता, असं म्हणून हसणार होते. पण तिचे डोळे एवढे मोठे झाले, आणि मी म्हणाले, "वळून पाह्यलं, तं कोनीच नाही."

यात खोटं काहीच नाही. पदर ओढला गेला हे खरं. मागं कोणी नव्हतं हेही खरं. खिळा तेवढा सांगायचा राहिला. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की राहून गेला. आता या वयात खरं लिहिते. राहून गेला नाही, मी ठेवला. बादली घेऊन घरी येईपर्यंत मला पुरतं कळलं होतं की भुताचं नाव लागलेल्या घराचा भाव उतरतो. अजून मागं फिरून सांगता आलं असतं. मी फिरले नाही, डाळ शिजवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती गोष्ट बांगडीवालीच्या तोंडून माझ्याकडंच परत आली. मी दिला होता नुसता एक पदर. गावानं पदर ओढणारी बाई उभी करून तिला पैंजण घातले होते, केस मोकळे सोडले होते, आणि सासूनं कापसात कोंडून मारलेली एक सूनही तिच्यासाठी शोधून काढली होती. "त्या मास्तराच्या बायकोले तं धरलंच म्हनते तिनं," बांगडीवाली माझाच हात धरून मला सांगत होती. मी म्हणाले, "अव माय!"

गिऱ्हाइकं यायची बंद झाली. मग एका संध्याकाळी काका स्वतःच आमच्या पत्र्याच्या खोलीवर आले. टोपी मांडीवर ठेवून बसले. "बाई, लोक काय काय बोलून राह्यले. तुमाले तं सोताले अनुभव आला म्हनते. आमच्या घरात असं कधी झालं नाही, पन आता मलेई रात्री काही काही आयकू येते. मी लपवून इकनार नाही. घ्यायचं असन तं सांगून देतो. भाव कमी करतो."

मी स्टोव्हकडं तोंड करून बसले होते. यांनी चष्मा पुसला. यांनी चष्मा पुसला की मला धडकी भरायची, कारण पुढं तत्त्व यायचं.

"काका, आम्ही भूत मानत नाही. जे मानतच नाही त्याच्या नावावर पैसे कमी घेणं म्हणजे ते मानल्यासारखंच झालं. तुम्ही पहिलाच भाव घ्या."

पहिला भाव आमच्याजवळ नव्हताच! पण तत्त्वाला पैसे लागत नाहीत. मी चहाचा कप देण्याच्या निमित्तानं उठले आणि टाच यांच्या पायावर ठेवली, सगळ्या अंगाचा भार देऊन.

काकाच म्हणाले, "गुरुजी, तुमी नाही मानत, पन मी मानतो ना. नवं जोडपं हाय तुमचं. माया मनाले बरं नाही वाटत."

असं ते घर आमचं झालं. काकांनी कापूस पडत्या भावातच काढला. खिडकी खरंच मोठी होती. हे मला त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुले भेव तं नाही ना वाटत?" मी नाही म्हणाले. "शाबास," हे म्हणाले, आणि शाळेची पिशवी चौकटीतल्या त्याच खिळ्याला अडकवली.

इथून यांचं व्याख्यान सुरू झालं. पौर्णिमेला विहारात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कोणाच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. "मी स्वतः भुताच्या घरात राहतो!" अशी सुरुवात. मग भीतीपोटी कातडीला स्पर्श कसा जाणवतो, मेंदू कशी फसवणूक करतो, याचं पंधरा मिनिटं शास्त्र. मग बायकांच्या रांगेकडं हात. "माझ्या पत्नीलाही असा भास झाला होता. पण ती डगमगली नाही." सगळ्या बायका माझ्याकडं वळून पाहायच्या. मी खाली मान घालून सतरंजीचे धागे मोजायची. एवढं मोठं शास्त्र, आणि त्याचं कारण घरी चौकटीत बसून रोज यांचीच पिशवी सांभाळत होतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. डाळीचं नेता आलं नाही.

पहिल्याच वर्षी तूर निघाल्यावर काका डोक्यावर गाठोडं घेऊन दारात आले. नवी डाळ. आत आले नाहीत. अंगणातूनच विचारलं, "बाई, काही तरास तं नाही ना?"

"नाही काका."

"बरं. तुमाले असल्या घरात टाकलं, मले झोप नाही येत कधी कधी."

मग दरवर्षी डाळ. कापसाचं साल वाईट गेलं, अळीनं बोंडं खाल्ली, गाठोडं लहान झालं, पण चुकलं नाही. पुढं थकले आणि मारेगावला मुलीकडं राहायला गेले, तर एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवू लागले. आमच्या घरात त्या डाळीचं वरण झालं की हे बोटं चाटत म्हणायचे, "किती सज्जन माणूस!" आणि माझा घास तोंडात फिरायचा. लोक म्हणतात, मास्तरीणबाई शांत स्वभावाच्या आहेत. कसला शांत स्वभाव! सुतार तोंडात खिळे धरून काम करतो, तशी मी जगत होते. तोंड उघडलं तर पडणार.

मुलं शिकून बाहेर पडली, हे निवृत्त झाले. गेल्या साली डाळ आली आणि मागोमाग काकांच्या मुलीचा फोन. "बाबा विचारून राह्यले, डाळ पोचली का. त्याईले आता उठवत नाही. तरी एकच धरून बसले, त्या पोरीले म्या भुताच्या घरात टाकलं म्हनते."

फोन ठेवला. हे समोर खुर्चीवर पेपर वाचत होते. मी म्हणाले, "आयका. तो भास नव्हता. खिळा होता." आणि हापशीपासून सगळं सांगितलं, न थांबता. इतकं एका दमात मी यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

यांनी पेपरची घडी केली. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते.

"म्हणजे इथं भूत नव्हतंच?"

"तुमीच तं सांगता नाही म्हनून."

"ते वेगळं. आपलं म्हणणं असतं. पण आपल्या आधी तशी बोलवासुद्धा नव्हती? ती सून, ते पैंजण?"

"काहीच नव्हतं."

"मग मी इतकी वर्षं भ्यालो नाही, ते कोणाला?"

मला हसू आवरेना. हे मात्र हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "पहिले काही महिने मी रात्री उशिरापर्यंत दिवा लावून पेपर तपासत बसायचो, आठवते? पोरांचे पेपर नव्हते ते. कोरे कागद होते." मग उठून चपला घातल्या. "चाल. काकाले सांगायले पाह्यजे. आता नाही सांगतलं तं कधी सांगशीन?"

मारेगावला काका अंगणात बाजेवर पडलेले होते. केवढे लहान झाले होते! मी बाजेजवळ खाली बसले आणि सांगितलं. खिळा, धागा, हापशी, सगळं. त्यांनी कमी केलेला भाव माझ्यामुळं कमी झाला, हेही. मुलगी चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

"म्हनजे काकू, माया लग्नात बँड नव्हता तो तुमच्या पायी?"

"हो."

"आन मी आजवर त्या पैंजणवालीले शिव्या घालून राह्यली होती!" ती म्हणाली. हसली, पण चहा माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला. ते बरोबरच होतं.

काका म्हणाले, "कोन्ता खिळा?"

"समोरच्या खोलीच्या चौकटीतला, काका."

"त्या चौकटीत खिळा नव्हता, बाई. सागवानाची चौकट, माया बापानं बसवलेली. मी कोनाले खिळा ठोकू देल्ला नाही."

"पण काका," हे मध्येच म्हणाले, "मी रोज पिशवी अडकवतो ना त्याले!"

"तो तुमी ठोकला असन, गुरुजी. घर घेतल्यावर."

हे आठवू लागले. "मी ठोकला?" मला विचारलं. मी काय सांगू? मी त्या खिळ्यातून पदर माझ्या हातानं सोडवला होता. पण त्या बाजेजवळ मला ते पुन्हा म्हणवेना. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला काही वजनच नव्हतं. "तुमी खोटं नाही बोलल्या, बाई. ओढला असन तिनं पदर."

"काका, आता डाळ नोका पाठवू."

"पाठवतो ना. भूत हाय तोवर डाळ येत राहीन," म्हणाले, आणि कूस बदलताना मला त्यांच्या मिशीत काहीतरी हललेलं दिसलं. हसू होतं की खोकल्याची उबळ, सांगता येत नाही. वय झाल्यानं खिळा विसरले, की माझ्यासाठी उपटून टाकला, हेही सांगता येत नाही. ज्यानं आडनाव विचारलं नव्हतं, त्यानं खिळाही ठेवला नाही, एवढंच.

निघताना मुलीनं पिशवीत डाळ भरून दिलीच. एसटीत हे खिडकीबाहेर पाहत होते, मध्येच बोटांवर वर्षं मोजत "मी ठोकला?" असं पुटपुटत होते. घरी पोचलो. सवयीनं पिशवी घेऊन चौकटीपर्यंत गेले आणि थांबले. चष्मा पुसला. खिळ्याकडं जवळून पाहिलं, जरा हलवून पाहिला. मग पिशवी खुर्चीवर ठेवली.

"काहून?" मी विचारलं. "अडकवा ना."

"राहू दे," हे म्हणाले. "जड आहे आज."