बरें हो

बँकांत कॉम्प्युटर शिरले त्या सुमारास माझी तंजावरला बदली झाली. मी रोज ज्या अक्कांकडे कॉफी प्यायचो, त्यांचं मराठी भोसल्यांच्या काळातलं आणि माझं पुण्याचं. साहजिकच मी त्यांचं सुधारायचो.

"'बरें' नाही अक्का, 'बरं'."

"बरें हो," म्हणत त्या कॉफीचं दाट डिकॉक्शन ओतायच्या.

एके सकाळी अक्कांची नऊवारी नेसलेली एक बाई दाराकडे पाठ करून इडलीचं पीठ वाटत होती.

"भाची माझी," अक्का म्हणाल्या.

मी मराठीत चौकशा सुरू केल्या. ती पीठच वाटत राहिली. "हिला मराठी येत नाही?" मी गरजलो.

"हळू हो! सिलोनची तमिळ निर्वासित ती. नवरा मारतो. कागद त्याच्याकडे. पळालीस तर पोलिसांकरवी परत धाडीन, म्हणतो."

तेवढ्यात तो नवराच दारात. "ती कोण?" त्यानं तमिळमध्ये दरडावलं.

"आमची मराठी भाची," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बोला की आतां तुमचें शुद्ध!"

घाबरून मला शाळेतल्या विभक्तीच आठवल्या. प्रथमेपासून संबोधनापर्यंत सगळ्या मी त्या पाठीला रागावून ऐकवल्या.

"बरें हो," पाठ म्हणाली.

तो गेला.

पुढे अक्कांना आणखी भाच्या झाल्या. सगळ्या "बरें हो" म्हणायच्या. मी एकीचंही सुधारलं नाही.