घरच्या बोडीसमोर

मुलांनो, माझ्या परसातल्या टाक्याचे फोटो तुम्ही पाहिलेत. खाली मासे, वर खडीच्या वाफ्यात पालक. माशांचं पाणी पंपाने पालकाला जातं आणि गाळून परत येतं. या व्यवस्थेवर नाराज असलेली एकच व्यक्ती आहे, आमची मासेवाली. तिचं नाव मला अजून ठाऊक नाही.

सकाळी ती पाटी घेऊन आधी आमच्याच फाटकाशी येते. माझ्या हातची बोहनी झाली की दिवस बरा जातो, अशी तिची समजूत आहे. टाक्यात मासे सोडले, त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"बाई, तुमी तं घरीच बोडी बांधली जी! आता माही बोहनी कोन करन?" बोडी म्हणजे इकडचं लहान तळं.

"मीच करीन. हे मासे खायचे नाहीत."

"मंग कायले पोसून राहिल्या?"

"पालकासाठी."

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मासोळी पाळाची अन् भाजी खाची! पेन्शन लागली का असंच होते काय जी?"

मीही हसले आणि तिच्याकडून एक रोहू घेतला. मासा कापायला ती नेहमी परसातल्या नळापाशी बसायची. त्या दिवशी मात्र तिने शेजारच्या टाक्यात डोकावून पाहिलं आणि विळी उचलून थेट फाटकाबाहेर जाऊन बसली.

"इथे काय झालं?" मी विचारलं.

"त्याईच्या समोर कापू काय जी?"

तेव्हापासून तिची बोहनी फाटकाबाहेर होते. पाण्याची बादली मी नेते, आणि जाताना टाक्याकडे पाहायचं टाळते.