उसण आणि नानांचा पाय

आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाठीतला कुठला स्नायू कुठून निघून कुठे जातो, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, आणि कोणी भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे या ग्रुपवर मी कधी काही लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. पण दीड महिना झाला, डोक्यातून जातच नाही... लिहूनच टाकते.

सातपूरला कंपन्यांच्या मागच्या गल्लीत माझं क्लिनिक आहे. एक खोली, एक टेबल, दाराला लागून बेसिन. शिफ्ट सुटली की माणसं येतात — कोणाची मान धरलेली, कोणाचा खांदा, कोणाची कंबर. सोळा वर्षं लोकांच्या पाठी दाबून मोकळ्या करतेय, आणि त्यात माझेच अंगठे कामातून गेलेत. उजव्या हाताने सकाळी चहाचा कप धरवत नाही.

आता नानांबद्दल. माझे वडील नामपूरचे, आणि पायाळू — म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी आमच्या ओट्यावर सकाळी दोन-तीन जण वाकडे होऊन बसलेले असायचेच. नाना एकेकाला पालथं झोपवायचे, कमरेला डावा पाय हलकेच टेकवायचे. आणि मग वाकून त्याच्या खांद्याला हात लावायचे, तो हात कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "पाय लागना भाऊ, माफ करजो." चुकून कोणाला पाय लागला की आपण नमस्कार करतो ना, तसं. नाना मुद्दाम लावलेल्या पायाचीही माफी मागायचे.

माझं क्लिनिक उघडलं त्या दिवशी एका पाहुण्याने सगळ्यांसमोर चेष्टा केली — "बापाची लाथ, पोरीचे हात!" सगळे हसले. नानाही हसले. संध्याकाळी मी त्यांच्यावर भडकले. म्हटलं, "नाना, लोकांना लाथा मारणं बंद करा आता. मला चारचौघांत लाज वाटते."

"बरं शे, बेटा," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी कोणाच्या पाठीला पाय लावला नाही. दारात कोणी आलंच तर चहा पाजून परत पाठवायचे. तीन वर्षांपूर्वी गेले. मी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, माफी तर दूरच.

तर दीड महिन्यापूर्वीचा तो शनिवार. दुपारचे तीन वाजलेले. टेबलावर वाघकाका पालथे पडलेले. हे दिंडोरीकडचे, एका कंपनीत प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार. कंबर अशी धरलेली की सरळ उभं राहता येईना. तीन सिटिंग झाल्या होत्या, फरक शून्य.

"ताई, सोमवारी मशिनीवर उभा नाय राहिलो तर दुसऱ्याला लावतील. कायबी करा," ते म्हणाले.

मी जोर लावला आणि माझ्याच अंगठ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. "काका, दोन मिनिटं पडून राहा," म्हणून मी बेसिनवर गेले आणि अंगठा नळाखाली धरला. पाठ त्यांच्याकडे. मनात म्हटलं, बस्स. आता यांना सांगून टाकायचं, माझ्याने होत नाही, दुसरीकडे जा.

नळ बंद करून वळले, तर काका उठून बसलेले. मग उभे राहिले — सरळ.

"ताई, पाय लावायचा तर आधी सांगायचं ना! लय दचकलो. पन सुटलं बघा, एकदम सुटलं."

"पाय? कोणी लावला पाय?"

"तुम्हीच की. टाचंला भेगा लय हायेत तुमच्या, टोचल्या. आन् वर खांद्याला हात लावून माफी कशाला मागायची? पाय लागना भाऊ, माफ करजो... तुम्ही अहिराणीवाल्या हाय व्हय? आवाज पार बसलाय तुमचा."

माझ्या पायांत मोजे होते, वर बूट. खोलीत तिसरं कोणी नव्हतं, आणि बेसिनपाशी उभ्या माणसाला ओलांडल्याशिवाय त्या दारातून आत येता येत नाही.

काका सोमवारी मशीनवर उभे राहिले. आखडलेला स्नायू कधीकधी आपोआप सुटतो, हे मीच पेशंटना सांगत असते. सातपुरात अहिराणी बोलणारेही ढिगाने आहेत, काकांच्या कानावर कधी ते शब्द पडले असतील. असं सगळं मी स्वतःला समजावून पाहिलंय. पण खांद्याला लावलेला हात? आणि नेमके तेच शब्द?

त्या दिवशी काका गेल्यावर मी त्याच टेबलावर पालथी पडले. "नाना, माफ करजो," म्हटलं. कित्येक वर्षांनी अहिराणी तोंडात आली, मलाच परकी वाटली. काही झालं नाही. पंखा फिरत राहिला.

तेव्हापासून रोज शेवटचा पेशंट गेला की दहा मिनिटं तशीच पडून राहते. अंगठा दुखतोच आहे. त्या दुपारी काय घडलं ते मला आजही कळलेलं नाही, आणि खरं सांगू, डोकं लावायचं त्राणही उरलेलं नाही. नानांचा पाय एकदा माझ्या पाठीला लागावा, इतकंच वाटतं. आणि लागला, तर त्यांनी माफी मागू नये.