डीपीचा झोका

प्रत्येक लोकलढ्याला एक चेहरा असतो, आणि आमच्या कॉलनीच्या विजेच्या लढ्याचा चेहरा मी होतो. हे मी अभिमानाने सांगत नाही. कॉलनीत शुद्ध मराठीत अर्ज लिहू शकणारा आणि दुपारी घरी सापडणारा माणूस एकच होता. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. दुपारी घरी सापडणे हे त्या पेशाचे मुख्य लक्षण होते.

जळगावहून पहूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, कपाशीच्या शेतात आखणी करून, आमची कॉलनी उभी राहिली होती. घरे छान होती. झाड एकही नव्हते. वीज होती, पण ती शेजारच्या गावाच्या तारेच्या अगदी शेपटाला बांधलेली. आमच्यापर्यंत येता येता ती बिचारी दमून जायची. संध्याकाळी मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या की घराघरांतले बल्ब हळूहळू लाल होत आणि आतली तार उघड्या डोळ्यांनी दिसे. ट्यूबलाइट पापण्या मिटत-उघडत राही. टीव्हीवरचा बातम्या देणारा माणूस चारी बाजूंनी आकसत जाई आणि शेवटी पोस्टाच्या तिकिटाएवढा होऊन देशाची परिस्थिती सांगे (त्या आकारात ती फारशी गंभीर वाटत नसे). कूलरचा पंखा इतका सावकाश फिरे की त्याच्याकडे पाहूनच झोप लागावी. त्या लालसर उजेडात सगळी माणसे थोडी स्वप्नातली दिसायची. बायको भाजी वाढायला वाकली की वाटायचे, ही आता अंतर्धान पावणार. मला ते खरे तर आवडत असे. पण लढ्याच्या चेहऱ्याने असे बोलायचे नसते.

उपाय एकच होता. कॉलनीसाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, ज्याला आमच्याकडे सगळे डीपी म्हणतात. कॉलनीच्या समितीचा सचिव म्हणून मी अर्ज लिहिले, शिष्टमंडळे नेली, ऑफिसातल्या बाकांवर बसून वाचायची राहिलेली जाड जाड पुस्तके संपवली. शेवटी दिवाळीच्या सुमारास दोन खांब आले. कॉलनीच्या मोकळ्या जागेत ते शेजारी शेजारी उभे राहिले, वर दोघांना जोडणारे लोखंडी आडवे अँगल बसले, आणि काम थांबले. तारा नाहीत, डीपी नाही. दोन खांब आणि वर आडवा अँगल, एवढेच. सगळा हिवाळा तो सांगाडा एखाद्या न बांधलेल्या देवळाच्या दारासारखा उभा होता. दारातून पलीकडचे आभाळ दिसायचे.

उन्हाळा लागला तेव्हा निरोप आला की डीपी तयार आहे, पण उद्घाटन भाऊसाहेबांच्या हस्ते व्हायला हवे. भाऊसाहेब हे आमच्या भागाचे पुढारी. ते मुहूर्ताशिवाय नळाची तोटीही उघडत नसत. मुहूर्त सुचवायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी पंचांग न उघडता म्हणालो, "अक्षय्य तृतीया." मुहूर्त आहे, शिवाय भाषणाला बरे. अक्षय्य म्हणजे कधी न संपणारे, तशी आपली वीज, वगैरे. भाऊसाहेब खूश झाले. मीही.

आता, अक्षय्य तृतीया पुस्तकात असते. खानदेशात त्या दिवशी आखाजी असते. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात, झोके घेतात आणि दुसऱ्या दिवशी गौराईला बोळवतात. तो दिवस पुढाऱ्यांचा नसतो आणि भावांचाही नसतो. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण मी भाषणाचा विचार करत होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पारोळ्याहून माझी थोरली बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बरीच वर्षे तिला आखाजीला माहेर घडले नव्हते. सासू त्या वर्षी उठून बसली होती, आणि तिने चार दिवस अक्काला मोकळे केले होते. तिच्या पिशवीत खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या, आणि खांद्यावर विहिरीवरचा जाडजूड नाडा. पायही न धुता ती अंगणात उभी राहिली आणि तिने कॉलनीवरून नजर फिरवली.

"बापू, झाड कथं शे?"

"झाड नाही अक्का. प्लॉट आहेत."

"मंग झोका कसाले बांधाना?"

मी भाषणात "तिमिर" लिहावे की "अंधार" या प्रश्नात होतो. "बघ कुठेतरी," म्हणालो.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "बापू, त्या दोन खांब तुन्हाच शेतस ना? बांधू तथं?"

"बांध," मी म्हणालो. मला वाटले ती धुणे वाळत घालायच्या दोरीबद्दल विचारते आहे. (शेवटी मी "तिमिर" लिहिले.)

दुसऱ्या दिवशी सकाळी गाण्यांनी जाग आली. बाहेर जाऊन पाहतो तो डीपीच्या खांबांमध्ये झोका! आमच्या स्वयंपाकघरातला पाट, त्याला नाड्याच्या दोन दोऱ्या, दोऱ्यांना आंब्याची पाने आणि झेंडूची फुले. अक्का उभी राहून झोका घेत होती, आणि मागे कॉलनीतल्या बायकांची रांग लागली होती. सगळ्या लेकी जणू एकाच गावच्या. आमच्या समितीचे अध्यक्ष शेठजी, ज्यांची डाळमिल होती, त्यांच्या पत्नीही रांगेत होत्या. "हमारे तो तीज को झूलते हैं," त्या म्हणत होत्या, "पर झूला तो झूला है." शेठजी जवळच उभे राहून आपण हे पाहिलेच नाही अशा चेहऱ्याने आभाळाकडे बघत होते.

आणि तेवढ्यात ट्रक आला. ट्रकवर डीपी. राखाडी, गुबगुबीत, हिरव्या पाल्याने सजवलेली, लग्नाच्या वरातीत बसलेल्या नवऱ्यासारखी. मागे क्रेन, मागे जीप. जीपमधून इंजिनिअर साहेब उतरले.

"सचिव कोण?"

"मी."

"हे काय आहे?"

"झोका."

"ते दिसतंय मला. मंजूर आराखड्यात हा नाही."

"आखाजी आहे साहेब."

"सर, ट्रक संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आहे. डीपी चढली तर चढली. नाहीतर पलीकडची कॉलनी महिनाभर माझ्या दाराशी बसून आहे. तिकडे नेतो."

पलीकडच्या कॉलनीचे नाव ऐकताच शेठजींनी आभाळावरून नजर काढली. "प्रोफेसरसाब," ते हळूच म्हणाले, "बहन आपकी है."

मी अक्काकडे गेलो. झोका थांबला नाही, त्यामुळे संभाषण ती जवळ आली की होत होते.

"अक्का, झोका काढावा लागेल."

ती गेली. परत आली. "कसाले?"

"डीपी बसवायची आहे. कॉलनीला लाइट येईल."

गेली. परत आली. "लाइट उद्या येस ना?"

"उद्या नाही येत, आज ट्रक आहे."

"गौराई बोयावाना आधी झोका नही सोडतस. उद्या सांजले सोडसू." मग रांगेकडे बघून, "मन्हा भाऊ बठ्ठी कॉलनीले उजेड देवाले निंघना, आणि बहीणना झोका सोडी राहिना."

रांग हसली. त्यात माझी पत्नीही होती, हे मी तेव्हा पाहिले.

लढ्याच्या चेहऱ्याला आता काहीतरी करणे भाग होते. मी लाइनमनची शिडी लावली आणि वर चढलो. विचार असा, की वरूनच गाठ सोडावी, पाट खाली ठेवावा, झोका आपोआप संपेल. अँगलवर पोटावर पडून मी गाठीला हात घातला. ती गाठ नव्हतीच. बैल बांधत वाढलेल्या बाईने घातलेला तो फास होता, आणि खालचा प्रत्येक झोका त्याला आणखी आवळत होता. उजव्या पायातली चप्पल निसटून खाली पडली. खाली बघतो तर शिडी नाही. उद्घाटनाची फीत दोन्ही खांबांना बांधायची म्हणून साहेबांनी शिडी उचलून ट्रकमागे ठेवली होती.

मी हाक मारणार होतो. पण मग समोर पाहिले, आणि राहून गेले.

इतक्या उंचीवरून मी आमची कॉलनी कधी पाहिली नव्हती. गच्च्यांवर कुरडया वाळत होत्या, पांढऱ्या, जाळीदार, एखाद्याने आभाळातून रांगोळी घातल्यासारख्या. पलीकडे केळीचे मळे होते, ऊन त्यांच्यावरून पाण्यासारखे हलत होते. दूरची टेकडी जागेवर आहे की नाही हे नक्की सांगता येत नव्हते. वाऱ्याला तापलेल्या मातीचा वास होता. खाली अक्का परत पाटावर चढली होती. तिचा पदर खोचलेला, पाय सरळ पुढे, मान मागे टाकलेली. ती वर येई, मला बघे, खाली जाई. तिच्या प्रत्येक झोक्याबरोबर अँगल किंचित थरथरे आणि मीही थोडासा डोले. गाणे वर येता येता विरळ होत होते. मी वर कशासाठी आलो होतो ते काही वेळ मला खरोखरच आठवेना. बहुधा मी डोळेही मिटले असावेत.

हॉर्न वाजला तेव्हा भाऊसाहेब गाडीतून उतरत होते.

पांढरे धोतर, पांढरी टोपी, मागे हार घेतलेले दोघे, बाजूला फोटोग्राफर. बायका बाजूला सरकल्या. पाने-फुले लावलेला रिकामा पाट भाऊसाहेबांच्या समोर हलत राहिला, आणि त्याच्या पुढे फीत. त्यांनी तो निरखून पाहिला. साहेब पुढे होऊन काही खुलासा करणार, तोच भाऊसाहेब म्हणाले, "वा! खुर्चीपेक्षा हे बरं. कल्पना कोणाची?"

"मन्ही," अक्का म्हणाली. "बसा भाऊ. माहेरवाशिणीना झोका शे, त्याले नही म्हणू नही."

भाऊसाहेब बसले. अक्काने पाठीमागून एक झोका दिला. तो बारशाच्या पाळण्याला द्यावा तसा नव्हता. भाऊसाहेब धोतर सावरत पुढे गेले, त्यांच्या दोन्ही पायांनी फीत तुटली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोग्राफरने फोटो घेतला. उद्घाटन झाले.

आम्हाला वाटले आता ते उतरतील. ते उतरले नाहीत. दुसरा झोका, तिसरा झोका. त्यांच्या चेहऱ्यावरचा पुढारी एकेक झोक्याला गळत गेला. "आमच्या गावात चिंचेला बांधायचे," ते कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. "बहिणी बसूच द्यायच्या नाहीत."

"भाऊसाहेब," साहेब सोबत चालत म्हणाले (पुढे-मागे, पुढे-मागे), "डीपी आज चढवायची आहे. हा काढायला सांगता का?"

"आखाजीला?" भाऊसाहेब म्हणाले. "घरी बहीण आहे का तुम्हाला?"

"आहे."

"मग? डीपी इथंच उतरवून ठेवा. उद्या गौराई गेली की चढवा. क्रेन उद्याही इथंच. पलीकडच्या कॉलनीला सांगा, तुमची पुढच्या मुहूर्ताला." मग मान मागे टाकल्यामुळे त्यांची नजर वर गेली. "हे कोण?"

शेठजी पुढे होऊन म्हणाले, "अपने सचिव."

"तिथं काय करताहेत?"

शेठजींनी क्षणभर विचार केला. "पाहणी."

"उत्तम. बोला सचिव, दोन शब्द."

मी कुशीवर वळून खिशातून भाषण काढले. "तिमिर" एवढा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला, आणि वाऱ्याने कागद नेले. ते गच्च्यांवरून तरंगत गेले आणि एक शेठजींच्या कुरडयांवर उतरला. लोकांना ते आवडले. नंतर कित्येकांनी मला सांगितले की भाषण छान झाले.

डीपी रात्रभर झोक्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. बायकांनी तिला हळदकुंकू लावले, जवळ पुरणपोळी ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौराई बोळवून अक्का परत आली. खांबाला गुंडाळलेली एक बारीक दोरी तिने सोडली, खालूनच एक हिसका दिला, आणि दोन्ही फास सुटून नाडा तिच्या पायाशी येऊन पडला. ती दोरी आदल्या दिवशी शिडी चढताना माझ्या नाकासमोर होती. मी ती बाजूला सारून वर गेलो होतो.

"इचारं व्हतं तर सांगं असतं," ती नाडा गुंडाळत म्हणाली.

डीपी चढली. तारा जोडल्या. दिवेलागणीला पहिल्यांदाच आमच्या घरात पांढरा, स्थिर, न थकलेला उजेड पडला. टीव्हीवरचा माणूस पूर्ण आकारात आला. बायकोने वर पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, किती जाळी झाली आहेत." ती अंतर्धान पावण्याची शक्यता आता राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्का पारोळ्याला निघाली. एसटीची वाट बघताना तिने एकदा वळून खांबांकडे पाहिले. त्यांच्या मधोमध आता डीपी गुणगुणत बसली होती. पलीकडचे आभाळ दिसत नव्हते.

"आते एक निंब लाव," ती म्हणाली.

मी लावला. तो भराभर वाढला, झोक्याजोगा झाला, आणि त्याच्या फांद्या नेमक्या आमच्याच तारेला लागतात. जरा वारा सुटला की लाइट जाते. छाटायला माणसे आली होती. अक्का आलेली होती, म्हणून माणसे परत गेली.

उद्घाटनाचा फोटो स्थानिक पेपरात आला होता. शेठजींनी तो मोठा करून समितीच्या कपाटावर लावला. मधे भाऊसाहेब, मागे अक्का, आणि वरच्या काठाला कापलेले माझे दोन पाय. त्यातल्या एकात चप्पल आहे.