संडासातल्या सपाता

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या ऑफिसातला एक जपानी इंजिनिअर 'नो' कधीच म्हणायचा नाही. त्याने दातांतून 'स्स्स' असा श्वास आत ओढला, की आमचं डिझाइन कॅन्सल झालंच समजायचं.

नव्वदच्या दशकात कामासाठी आम्ही जपानला गेलो, तेव्हा त्याने मला डोंगरातलं, पूर्वीच्या वाटसरूंच्या मुक्कामाचं, जसंच्या तसं जपलेलं गाव दाखवलं. "चपला दारात काढणं आमच्या रक्तातच आहे," असं मी वाटभर ऐकवलं, आणि तिथल्या जुन्या खानावळीत फक्त संडासासाठी ठेवलेल्या सपाता घालून थेट जेवणाच्या चटईवर आलो. स्स्स! त्याने त्या स्वतः उचलून जागेवर ठेवल्या.

पुढे गणपतीत तो ट्रॉयला आमच्या घरी जेवायला आला. बाथरूमच्या दाराशी थबकून त्याने हळूच विचारलं, "इथल्या सपाता?"

"नाहीत. आम्ही अनवाणीच जातो," मी म्हणालो.

स्स्स.