पेन्शनरांच्या कॉलनीत घर विकताना

आम्हा एजंट लोकांच्या धंद्यात घरं कमी विकली जातात, किस्से जास्त जमतात. घर दाखवायला गेलं की मालक चहा देतो, चहाबरोबर बिस्किट आणि बिस्किटाबरोबर एक गोष्ट! नव्वदच्या दशकात मी आणि माझे पार्टनर सुभेदार सांगलीत जागांचे व्यवहार करायचो. सुभेदार रहिमतपूरकडचे, मिलिटरीतून रिटायर झालेले, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. आमचं निम्मं काम एकाच कॉलनीत. शिक्षक, पोस्टातली माणसं, बँकेतले कारकून यांनी तरुणपणी सोसायटी काढून तिथे एकदम घरं बांधली होती. एकदम बांधली, म्हणून एकदमच म्हातारे झाले! मुलं पुण्या-मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसं, नाहीतर एकच.

*

संक्रांतीला तिथल्या हेडमास्तरांनी तिळगूळ देता देता मला पकडलं.

"आम्ही सगळे एका वयाचे. सगळे एकदम गेलो तर काय होईल?"

"सणासुदीला असं अभद्र कशाला बोलता, सर?"

"अभद्र कसलं? बाजाराचं बोलतोय! सगळी घरं एकदम विक्रीला आली की भाव पडणार." मग ते बाकीच्या म्हाताऱ्यांकडे वळले. "तेव्हा मंडळी, तुम्ही पुढे व्हा. मी भाव चढला की येतो!"

कवळ्या निसटेपर्यंत हसले सगळे. मला काही तेवढं हसता आलं नाही.

*

आणि नेमके हेडमास्तरच सगळ्यांच्या आधी गेले.

आम्ही दोघं भेटायला गेलो, तर मुलगा दारातच आडवा आला. "अहो, तेरावा तरी होऊ द्या! लगेच घर बघायला आलात?"

मी तर मेल्याहून मेलो. सुभेदार पायातल्या वहाणा काढत म्हणाले, "घर बघाय न्हाई आलो, साहेब. मास्तरांनी आमाला लय हसवलंय. रडाय आलोय."

मुलगा बाजूला झाला. मग सुभेदारांपेक्षा तोच जास्त रडला.

*

पुढे त्याच मुलाने ते घर विकायला आमच्याकडेच दिलं. मास्तरीणबाई त्याच्यासोबत जाणार होत्या, पण वर्ष होईपर्यंत घर सोडायचं नाही म्हणाल्या.

बघायला वाईचे एक गृहस्थ आले. कपाट उघडून बघितलं, नळ सोडून बघितला, मग हळूच विचारलं, "या घरात कुणी वारलंय का हो?"

सुभेदार शांतपणे म्हणाले, "ज्यात कुणी मेलं न्हाई असं घर पायजे व्हय? मग ते आधी बांधाय लागंल!"

गिऱ्हाईक गेलं, पण मास्तरीणबाईंनी आतून सुभेदारांना आणखी एक चहा पाठवला.

*

मास्तरांच्या शेजारी इंदिराकाकू. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्याच राहायच्या. एकदा न्हाणीत पडल्या आणि हाक ऐकायला आसपास कुणी नव्हतं. तेव्हापासून पुण्याच्या मुलाने धसका घेतला होता. घर विकायचं आणि आईला न्यायचं, हे त्याचं ठरलेलं. मुलगा वाईट मुळीच नव्हता.

आमच्यासमोर तो टेप लावून खोल्या मोजत होता. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मलाही मोजून घे रे. तुझ्या फ्लॅटमध्ये मावते का बघू!"

त्याने टेप गुंडाळून खिशात टाकला. त्या दिवशी मग मोजणी झालीच नाही.

*

घर विकलं गेलं नाही तर जावं लागणार नाही, हे काकूंना पक्कं कळलं होतं. त्यामुळे येईल त्या गिऱ्हाइकाला त्या पोहे द्यायच्या आणि घराला नावं ठेवायच्या. छत गळतं, मुंग्या होतात, उन्हाळ्यात भट्टी! सुभेदार एकदा वैतागून म्हणाले, "आवं काकू, दुश्मनबी एवढी बदनामी करत न्हाई!"

एक दिवस कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा एक जण बायकोला स्कूटरवर घेऊन आला. बायकोला सातवा महिना. काकूंनी सगळं पुराण सांगितलं. पोरगी पोहे खात म्हणाली, "आमी पत्र्याच्या खोलीत ऱ्हातोय, आजी. ह्ये लय चांगलं हाय."

काकूंनी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले.

ती निघाली. सवाष्ण बाई, त्यातून पोटुशी, कुंकू न लावता जाऊ द्यायची कशी? एरवी काकू अशा वेळी मास्तरीणबाईंना हाक मारायच्या. पण आता मास्तरीणबाईंनाही कुंकू लावता येईना, आणि पलीकडच्या दोन घरांना कुलूप. काकूंनी करंडा तिच्यापुढे ठेवला.

"तूच लावून घे, बाई. या गल्लीत आता सवाष्ण उरली नाही."

"असं कसं? तुमी थोरल्या हाय. तुमीच लावा की." आणि पोरीने कपाळ पुढे केलं.

काकूंचा हात बराच वेळ करंड्यावरच राहिला. मग त्यांनी तिला कुंकू लावलं, नीट, दोन भुवयांच्या मधोमध. तिचा हात धरून तिला परत मधल्या खोलीत नेलं आणि छताकडे बोट दाखवलं.

"ती पाळण्याची कडी आहे. रंग देताना काढू नका."