ती विहारात गेलीय

नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि आता ती राहिली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर जीभ रेटली असती का? बहुतेक नाही.

मी कामरगावची. वडिलांची भाजीपाल्याची बागाईत, माल कारंज्याच्या बाजारात जायचा. एम.ए.ला मी शहरात गेले. तिथे इतिहास विभागात पूर्व आशियाचा एक विषय होता — चीन, कोरिया, जपान. गावात बायका हसायच्या, 'त्या जपानचं तुले काय करा लागते वं?' पण मला त्या तासांचं वेड लागलं होतं. सर शिकवायला लागले की खिडकीबाहेरचं काही दिसायचं नाही. वर्गात पहिली कोण, तर मी — असं मी धरून चालले होते.

रत्ना मंगरूळपीरकडची, आसेगावची. एकाच जिल्ह्याच्या, म्हणून आम्ही मिळून खोली घेतली. घरमालकीण काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती तुमच्यातलीच ना?" रत्नाचं घर बौद्ध. आडनावावरून काही कळत नसे. मी सरळ 'हो' म्हणाले.

रत्नाला सांगितलं तेव्हा ती भडकली. "मी काहून लपवू? चोरी केली काय?"

"खोली हातची जाईन. गप राह्य."

ती गप राहिली. तिच्या मनाविरुद्ध, माझ्या सांगण्यावरून. पुढचं ऐकताना हे विसरू नका.

एके दिवशी सर बौद्ध धर्म चीन-कोरियातून जपानला कसा पोचला ते सांगत होते. रत्ना उभी राहिली. "सर, बुद्ध तिकडं पोचला, तरी तिथं मानसं अस्पृश्य काहून राह्यली?"

'काहून' ऐकून मागची बाकं हसली. मीही हसले — घरी मी स्वतः तसंच बोलते, तरी. सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि पुढचे कितीतरी तास त्या एका प्रश्नावरच शिकवलं. तिथंही आहेत म्हणाले अशी माणसं. चेहरा तोच, भाषा तीच. पण पूर्वज मेलेली जनावरं सोलायचे, चामडं कमवायचे, म्हणून वस्तीचं नाव कळलं की लग्न मोडतं, नोकरी जाते. मग ती माणसं गाव लपवतात. आणि कुणीतरी ते शोधून काढून योग्य त्या कानात घालतं.

मी हे सगळं ऐकलं होतं. समजलंही होतं. म्हणूनच तर माझ्या गुन्ह्याला अज्ञानाचं पांघरूण मिळत नाही.

विभागाची परिषद भरणार होती; तिथे वाचायचा निबंध सरांनी रत्नाला दिला. तो मला मिळणार असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. रत्ना खोलीवर आली ती नाचतच. म्हणाली, आपन दोघी मिळून लिहू. मी म्हटलं, हो.

त्यानंतरच्या पौर्णिमेला ती सकाळीच विहारात गेली. काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. त्यांनी सहज विचारलं, रत्ना कुठे? ग्रंथालयात, असं म्हणता आलं असतं. इतके महिने मी तेच म्हणत आले होते.

"ती विहारात गेलीय, काकू. दर पौर्णिमेला जाते." आणि मग — "तुम्हाला माहीत नव्हतं?"

पहिलं वाक्य तोंडातून निसटलं म्हणता येईल. दुसरं? ते मी काकूंच्या चेहऱ्याकडे नीट बघत उच्चारलं.

संध्याकाळी काकूंनी रत्नाला सांगितलं, भाची राहायला येणार आहे, जागा लागेल. रिकामी करायची ती फक्त तिची कॉट. माझी नाही. परीक्षा तोंडावर आलेली.

सामान भरताना ती एवढंच म्हणाली, "कोनं सांगतलं असंन वं?"

"मले काय मालूम," मी म्हणाले. आणि तिची गादी बांधू लागले.

नवी खोली तिला शहराबाहेर मिळाली. सकाळचे तास बुडायला लागले, मग ती यायचीच थांबली. आसेगावला परतली म्हणे, लग्न झालं. निबंध माझ्याकडे आला. त्याची सुरुवात मी तिच्याच प्रश्नाने केली — तिचं नाव न घेता. माणसाचा जन्म उकरून काढणाऱ्यांवर मी कडक शब्दांत बोलले. टाळ्या पडल्या. पुढे नोकरी लागली. आजही कॉलेजात मी तो धडा शिकवते आणि मुलं म्हणतात, मॅडम पोटतिडकीने शिकवतात.

गेल्या उन्हाळ्यात कारंज्याच्या स्टँडवर रत्ना दिसली. तिनेच हाक मारली, गळ्यात पडली. सोबत मुलगी होती, बारावी झालेली. रत्ना तिला सांगायला लागली, "हेच ते तुही मावशी. त्या घरात मले कोनी ठेवलं नसतं. हिनं मायासाठी खोटं बोलून मले ठेवलं. पाया पड."

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, खूप शीक.